नकाराच्या कागदाला उत्तर

(माजी शिपाई व त्यांच्या घरचीं माणसें यांच्यापुढें एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज आम्ही तुमच्यापुढें उभे आहों, तें शौर्याचे पोवाडे गाण्यासाठीं नव्हे. पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत. शिपाई तिरंग्यांत गुंडाळून गांवीं आला म्हणजे हार घेऊन धांवणारे पुढारी कमी पडत नाहींत, आणि शाळेच्या पोरांना उन्हांत रांगेनें उभें करण्याचें काम तर आमच्याकडेच येतें. पण जो शिपाई आपल्याच पायांनीं, काठी टेकीत, एक ट्रंक आणि एक कागद घेऊन परत येतो, त्याच्या दारांत कोणी जात नाहीं. आजचें बोलणें त्या कागदाविषयीं आहे.

त्या कागदांतलें मुख्य वाक्य बहुतेक घरीं एकच असतें. भाषा इंग्रजी. अर्थ असा, कीं तुमचें दुखणें लष्कराच्या नोकरीमुळें उत्पन्न झालेलें नाहीं आणि नोकरीनें वाढलेलेंही नाहीं. सबब अपंगत्वाची पेन्शन देतां येत नाहीं. खालीं सही, शिक्का, तारीख. घरांत इंग्रजी वाचणारें कोणी नसलें तर तो कागद ट्रंकेच्या तळाशीं जातो. सरकारचा शिक्का बसला, आतां पुढें काय बोलायचें, असें म्हणून शिपाई गप्प बसतो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते. त्या कागदाला उत्तर देतां येतें, आणि उत्तर देण्याचा रस्ता सरकारनेंच कायद्यांत लिहून ठेवला आहे, हें सांगायला आम्ही आलों आहों.

आमच्या गांवच्या एका कुंभाराच्या घरीं काय झालें तें आधीं ऐका. नांव सांगत नाहीं. घर अजून त्या दुःखांतून निघालेलें नाहीं. मुलगा आमच्या हाताखालीं शिकला. हिशेबांत बेताचा, पण धांवण्यांत पंचक्रोशींत पहिला. भरतीच्या वेळीं डॉक्टरांनीं डोळे, कान, छाती, पाय सगळें तपासलें आणि घेतला. सात वर्षें चाकरी झाली, त्यांतलीं दोन बर्फाच्या मुलखांत. सातव्या वर्षीं त्याला फेफरें येऊं लागलें. मग इस्पितळ, मेडिकल बोर्ड, आणि हातावर एकरकमी थोडे पैसे ठेवून घराचा रस्ता. पेन्शनीला उत्तर आलें तें वर सांगितलेलेंच. शिवाय एक शब्द जास्त होता. दुखणें त्याच्या मूळ प्रकृतींतलें आहे, असा त्या शब्दाचा भाव. गांवांतल्या एका शहाण्यानें पारावर बसून त्याचें भाषांतर केलें: "म्हणजे घराण्याचा रोग." ही बातमी पारावरून बाजारांत आणि बाजारांतून पाहुण्यांच्या गांवीं गेली. मुलाच्या धाकट्या बहिणीची सुपारी फुटली होती. ते लोक पुन्हा आले नाहींत.

पेन्शनीचे पैसे बुडाले ते मोजतां येतात. हें दुसरें नुकसान कोणत्या मापानें मोजायचें? दूरच्या कचेरींत एका मेजावर एक शब्द लिहिला जातो, लिहिणाऱ्याला त्याचें ओझें वाटत नाहीं, आणि इकडे एका पोरीच्या कपाळीं तो येऊन बसतो. त्या घरांत चार पिढ्यांत कोणाला फेफरें नव्हतें. पण तें विचारायला कोणी आलेंच नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. धरमवीर सिंग नांवाचे एक शिपाई १५ जून १९८५ रोजीं लष्कराच्या सिग्नल कोअरमध्यें भरती झाले. सुमारें नऊ वर्षें नोकरी झाल्यावर फेफऱ्याच्याच दुखण्यामुळें १ एप्रिल १९९४ पासून त्यांना घरीं पाठविण्यांत आलें. अपंगत्व ठरलें शेंकडा २० आणि पेन्शन नाकारली; कारण तेंच छापील. ते उच्च न्यायालयांत गेले. एका न्यायाधीशांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सरकारनें त्यावर अपील केलें, आणि दोन न्यायाधीशांनीं तो निकाल फिरविला. शिपाई सर्वोच्च न्यायालयांत गेले. २ जुलै २०१३ रोजीं निकाल लागला, तो शिपायाच्या बाजूनें लागला. १९९४ पासून २०१३ म्हणजे एकोणीस वर्षें. या एकोणीस वर्षांत त्या माणसानें किती वेळां हात टेकले असतील तें त्याचें त्याला ठाऊक. पण त्याच्या हट्टामुळें पुढच्या हजारों शिपायांच्या हातीं एक हत्यार आलें.

त्या निकालांत न्यायालयानें १९८२ सालचे पेन्शनीचे नियम उलगडून सांगितले. भरतीच्या वेळच्या कागदावर दुखण्याची नोंद नसेल, तर माणूस शरीरानें व मनानें निरोगी होता असें धरायचें. पुढें प्रकृतीच्या कारणानें त्याला काढून टाकलें, तर प्रकृतीचा बिघाड नोकरीमुळें झाला असें धरायचें. पुराव्याचा बोजा शिपायावर नाहीं; वाजवी संशय राहिला तर त्याचा फायदा शिपायाला द्यायचा. आणि हें दुखणें भरतीच्या वेळीं ओळखूं येण्यासारखें नव्हतें, असें मेडिकल बोर्डाला म्हणायचें असेल, तर बोर्डानें त्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत. नुसता छापील शेरा चालत नाहीं. २०१५ सालीं राजबीर सिंग यांच्या खटल्यांत न्यायालयानें पुन्हा तेंच सांगितलें.

ही गोष्ट कुणब्याला समजायला कठीण नाहीं. शेजाऱ्यानें आपला बैल औताला नेला. नेतांना दांत पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिला, आणि पसंत करून नेला. हंगाम संपल्यावर लंगडा करून आपल्या दावणीला आणून बांधला आणि वर म्हणाला, "तुझा बैल मुळांतच लंगडा." आतां पुरावा कोणी द्यायचा? बैलाच्या धन्यानें, कीं ज्यानें पारखून नेला त्यानें? गांवचे पंच जो निवाडा देतील, तोच दिल्लीच्या न्यायालयानें दिला. फक्त इंग्रजींत दिला.

पण आम्ही शिक्षक आहों. फळ्यावर हिशेबाची एकच बाजू मांडणें आम्हांला शोभत नाहीं. सगळेच शिपाई जिंकतात असें नाहीं. नरसिंग यादव यांच्या खटल्यांत ३ ऑक्टोबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिपायाचें अपील फेटाळलें. तेथें दुखणें मनाचें होतें. असें दुखणें भरतीच्या तपासणींत नेहमीं सांपडतेंच असें नाहीं, म्हणून केवळ नोंद नव्हती एवढ्यावर तें नोकरीमुळें झालें असें म्हणतां येत नाहीं, आणि बोर्डाच्या मताला मान दिला पाहिजे, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. आम्हांला तो निकाल कठोर वाटतो, पण तो आहे. दुसरी गोष्ट, २१ सप्टेंबर २०२३ पासून या पेन्शनीचे नवे नियम लागू झाले. त्या तारखेनंतर जे नोकरींतून बाहेर पडले त्यांचा विचार नव्या नियमांनीं होतो. वर सांगितलेलीं जुनीं गृहीतकें तेथें जशींच्या तशीं धरून चालूं नये. म्हणून कोणाचाही अर्ज लिहिण्याआधीं सुटल्याची तारीख पाहावी.

आतां अर्ज. लोक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात तेव्हां पहिलें वाक्य तयारच असतें: "मायबाप सरकार, मी गरीब आहें, पदरांत पोरेंबाळें आहेत, दया करावी." बाबांनो, हें वाक्य लिहूं नका. अपील वाचणारा तुमची गरिबी पाहायला बसलेला नाहीं. पेन्शनीच्या नियमांत गरिबी हें कलमच नाहीं. श्रीमंत शिपायालाही ती मिळते आणि गरिबालाही त्याच कारणानें मिळते. तुम्हीं सांगायचें तें एवढेंच: भरतीच्या वेळीं अमुक तारखेला मला निरोगी ठरविलें, अमुक ठिकाणीं अमुक वर्षें नोकरी केली, दुखणें पहिल्यानें अमुक तारखेला, अमुक जागीं असतांना दिसलें, त्या आधीं माझ्या कागदांत किंवा घरांत तें नव्हतें, बोर्डानें उलट मत दिलें आहे पण त्याचीं कारणें दिलेलीं नाहींत. प्रत्येक वाक्याला एक कागद जोडायचा. दोन पानांत अपील होतें. आम्हीं सात-सात पानांचे अर्ज पाहिले आहेत. त्यांत शिवाजी महाराजांपासून सुरुवात असते आणि पलटणीचा नंबर मात्र नसतो.

शिपायानें हक्कासाठीं लेखणी धरणें ही आपल्या मुलखांत नवी गोष्ट नव्हे. सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली तेव्हां १८९४ सालीं पेन्शनीवर आलेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं सेनापतीच्या नांवें अर्ज लिहिला. जोतीरावांच्या विचारांत वाढलेला तो माणूस. आमच्या पूर्वजांनीं तुमच्यासाठीं लढाया केल्या, मग आतां दार कां बंद, हा त्याचा सवाल होता. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं तसाच अर्ज थेट विलायतेला धाडला. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, म्हणजे पहिल्या अर्जानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं. त्या लोकांना टपालाला लागणारा आणासुद्धां जड होता.

आतां रस्ता सांगतों. ज्यांच्या घरीं असा कागद आहे त्यांनीं नीट लक्ष द्यावें. पहिलें पाऊल, आपल्या मेडिकल बोर्डाचे सगळे कागद मिळविणें. नकाराच्या पत्रांत निकाल असतो. कारण असेल तर तें बोर्डाच्या कागदांत असतें, आणि तें न वाचतां उत्तर लिहिणें म्हणजे प्रश्न न वाचतां परीक्षेला बसणें. हे कागद तुमच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसांत असतात: मराठा लाइट इन्फन्ट्रीचें बेळगांवला, महार रेजिमेंटचें सागरला, बॉम्बे सॅपर्सचें खडकीला. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साधा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें असा त्या कायद्याचा हुकूम. अर्जावर नंबर, हुद्दा, पूर्ण नांव व सुटल्याची तारीख डिस्चार्ज बुकांत आहे तशीच लिहा. तेथें स्पेलिंग चुकलेलें असेल तर चुकलेलेंच लिहा. आपल्या मनानें सुधारलें कीं कागद सांपडत नाहीं.

दुसरें पाऊल, पहिलें अपील. नकाराचें पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत तें करायचें असतें, आणि हें बहुधा त्या पत्राच्या शेवटींच लिहिलेलें असतें. तेथें नकार आला तर वरच्या कमिटीकडे दुसरें अपील. तेथेंही नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हें न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानें निर्माण झालें आणि ऑगस्ट २००९ पासून त्याचें काम चालू झालें. त्याचें एक पीठ मुंबईला आहे. दिल्लीला जावें लागत नाहीं. समोर एक न्यायाधीश बसतात आणि जोडीला एक निवृत्त लष्करी अधिकारी, म्हणजे चौकी काय आणि बर्फ काय हें ठाऊक असलेला माणूस.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण आपल्या तोंडीं आहे. गंमत अशी, कीं या कायद्यांत ती म्हण जवळजवळ शब्दशः लिहिली आहे. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तर आलें नाहीं, तर न्यायाधिकरणाचें दार उघडें होतें. वाट पाहात बसण्याचें कारण उरत नाहीं. मात्र तेथून पुढें आणखी सहा महिन्यांच्या आंत अर्ज गेला पाहिजे. शेवटचा नकार लेखी आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिने. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागतां येते, आणि न्यायाधिकरणाला वाटलें तर तें देतें. पण माफीवर भिस्त ठेवूं नये. तरसेम सिंग नांवाच्या शिपायाला १९८३ सालीं घरीं पाठविलें. ते न्यायालयांत गेले १९९९ सालीं. हक्क बुडाला नाहीं. पेन्शन हें दर महिन्याला नव्यानें होणारें देणें आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं मानलें. पण मागची बाकी मिळाली ती अर्जाआधींच्या तीन वर्षांपुरती. बाकीच्या तेरा वर्षांचे पैसे ट्रंकेच्या तळाशीं राहिले.

पैशाचा हिशेबही समजून घ्या, कारण येथें पुष्कळांची फसगत होते. "शेंकडा वीसच अपंगत्व लिहिलें आहे, त्याला काय मिळणार," असें म्हणून लोक सोडून देतात. शेंकडा वीस हाच तर उंबरठा आहे. जुन्या नियमांत वीस किंवा जास्त असेल तर पेन्शन. शिवाय १ जानेवारी १९९६ पासून एक सवलत आली, कीं दुखण्यामुळें काढलेल्या शिपायाचें अपंगत्व पन्नासांखालीं असेल तर तें पन्नास धरायचें, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्यावर असेल तर शंभर. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना ही सवलत देण्याचें सरकार नाकारीत होतें. राम अवतार यांच्या खटल्यांत १० डिसेंबर २०१४ रोजीं न्यायालयानें त्यांनाही ती लागू केली. २००६ नंतरच्या हिशेबानें शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या शेंकडा ३० इतका अपंगत्वाचा हिस्सा. म्हणजे पगार तीस हजार धरला, तर विसाला अठराशें रुपये आणि पन्नासाला साडेचार हजार. हें गणित आम्हीं चौथीच्या मुलांना घातलें, त्यांना आलें. ज्यांच्या घरचे पैसे होते त्यांना मात्र कोणी घातलें नव्हतें.

राम अवतार यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयांत अपील सरकारनें केलें होतें. राजबीर सिंग यांच्यांतही सरकारनेंच. पाहा, सरकार हरलें तरी शेवटच्या पायरीपर्यंत जातें, त्याला कंटाळा येत नाहीं. आणि आपला शिपाई पहिल्या पायरीवरच बसून विडी ओढतो.

आमचे कांहीं जाणते लोक म्हणतील, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. बांधाच्या भांडणांत ती म्हण खरी आहे. त्या पायरीवर घरेंच्या घरें बुडालेलीं आम्हीं पाहिलीं. पण येथें भाऊबंदकी नाहीं. वकिलाचा खर्च, हीच तुमची खरी भीति. १९८७ चा कायदा आहे: बाई असो, अनुसूचित जातिजमातीचा माणूस असो, अपंग असो, त्याला सरकारी खर्चानें वकील मागण्याचा हक्क आहे. म्हणजे शिपायाच्या विधवेला तो आहे, आणि अपंग शिपायाला स्वतःलाही आहे. २०२५ सालीं जिल्ह्याच्या सैनिक बोर्डाच्या कचेऱ्यांतच अशा मदतीचीं केंद्रें काढण्याची योजना सुरू झाली; तेथें जाऊन विचारा. मात्र "अर्धी बाकी माझी" असा करार करून घेणारा जो दलाल बाजारच्या दिवशीं हॉटेलांत बसतो, त्याच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नका. त्याचा लाल शर्ट आणि मोटारसायकल कोणाच्या बाकीवर आली तें शेजारच्या गांवांत विचारा.

एक गल्लत मात्र करूं नका. म्हातारपणीं ज्याला कसलीच पेन्शन नाहीं अशा, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पासष्ट वर्षांवरच्या माजी शिपायाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. ती महिना चार हजार होती. नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार झाली. ती मदत आहे, आणि तेथें गरिबी सांगावी लागते. अपंगत्वाची पेन्शन निराळी. एकीचा अर्ज दुसरीच्या कचेरींत देऊन वर्ष घालविलेले लोक आम्हांला ठाऊक आहेत.

आतां बायांना दोन शब्द. घरांत कागद सांभाळतां तुम्ही. पहिली चक्कर कधीं आली, फोनवर आवाज कधीं बदलला, सुटीवर आल्यावर रात्रीं दचकून कधीं उठला, हें तुम्हांला आठवतें. पुरुषांना तारखा आठवत नाहींत. "नागपंचमीच्या आधल्या आठवड्यांत" एवढें सांगितलें तरी पंचांगांतून आम्ही तारीख काढतों. त्या कुंभाराच्या घरीं असेंच झालें. मुलाच्या आईनें सांगितलें, कीं बर्फांतून आल्यावरच्या पहिल्या सुटींत तो जेवतांना एकदां पडला होता आणि तालुक्याच्या डॉक्टरला दाखविलें होतें. चिठ्ठी हळदीच्या डब्यांत सांपडली, पिवळी झालेली, पण तारीख स्वच्छ. ती चिठ्ठी दुसऱ्या अपिलाला जोडली. तेंही नाकारलें गेलें. मग अर्ज मुंबईला गेला; निकाल अजून यायचा आहे. काय लागेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण आपल्या अर्जांत त्या मुलानें एक मागणी आपल्या मनानें घातली: "मूळ प्रकृतीचें" हे शब्द माझ्या कागदावरून काढून टाकावे. वकील म्हणाले, पेन्शनीला याची जरूर नाहीं. मुलगा म्हणाला, मला आहे. ती मागणी आम्हीं तशीच राहूं दिली.

येत्या रविवारीं सकाळीं आठ वाजल्यापासून आम्ही शाळेंत बसूं. डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा हुकूम असेल तर तो, नकाराचें पत्र पाकिटासकट (पाकिटावर टपालाच्या शिक्क्याची तारीख असते), इस्पितळाच्या चिठ्ठ्या, सुटीचे पास, आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या. वाळवीनें खाल्लेला कागदही टाकूं नका. ट्रंकेची किल्ली हरवली असेल तर ट्रंक उचलून आणा. लोहाराला आम्हीं सांगून ठेवलें आहे.